अंतराळातल्या 'जास्तीच्या' उजेडामुळे बिग बँग गोत्यात आलाय का?

धूमकेतू७७: नासाचं न्यू होरायझन्स यान प्लुटोच्या पार पुढे गेलंय हे माहीतच असेल. तिथे सूर्याजवळच्या धुळीचा त्रास जवळजवळ नाही, म्हणून त्याच्या लॉरी कॅमेऱ्याने रिकाम्या आकाशाचे फोटो काढले, मग तारे वजा केले, दीर्घिका वजा केल्या, कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज वजा केला, आणि तरी उजेड उरलाच! २०२२ च्या मोजणीत तर सगळ्या दीर्घिका मिळून जेवढा यायला हवा त्याच्या जवळपास दुप्पट निघाला. आता हा उजेड कुणाचा? डार्क मॅटर, डार्क एनर्जी, इन्फ्लेशन, गणित बसलं नाही की एक नवीन ठिगळ, हे किती दिवस चालणार? हबल कॉन्स्टंट, म्हणजे विश्व प्रसरण पावण्याचा वेग, ६७ की ७३ हेही अजून ठरत नाहीये. मग टायर्ड लाइट (विश्व प्रसरण पावत नाही, प्रकाशच वाटेत दमतो) आणि स्टेडी स्टेट (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम सारखंच) यांना परत एकदा संधी द्यायला काय हरकत आहे?

निरभ्र: अहो तुम्ही २०२२ वरच थांबलात. त्याच टीमने यान पृथ्वी-सूर्य अंतराच्या ५७ पट लांब असताना, यानाच्याच सावलीत कॅमेरा ठेवून, परत मोजलं आणि २०२४ मध्ये पेपर काढला. एकूण उजेड ११.१६, दीर्घिकांचा अपेक्षित ८.१७ (नॅनोवॅट प्रति चौरस मीटर प्रति स्टेरेडियन, युनिट डोक्यात ठेवायची गरज नाही). फरक साधारण ३ चा आणि त्यात एरर २ ची, म्हणजे फरक एररच्या जेमतेम दीडपट (दीड सिग्मा), यावर कोणी विश्व उलटंपालटं करत नाही.

धूमकेतू७७: वा, म्हणजे आधी ४ सिग्मा म्हणून गाजावाजा, आणि दोन वर्षांत उजेड गायब? किती सोयीचं!

निरभ्र: गायब नाही झाला, हिशेबात दुसऱ्याच्या नावावर गेला. आपल्याच आकाशगंगेतली धूळ ताऱ्यांचा उजेड विखुरते, तो उजेड आधी कमी धरला गेला होता. नंतर प्लँक उपग्रहाच्या फार-इन्फ्रारेड नकाशांवरून, म्हणजे धूळ स्वतः जी उष्णता सोडते तिच्यावरून, कुठे किती धूळ ते नीट काढलं. वजाबाकीत एक पद चुकलं की उत्तरात भूत दिसणारच की.

चिकित्सक_मी: मधेच बोलतो. २०२२ मध्येच काही लोकांनी हा उजेड ॲक्सिऑन नावाच्या, अजून न सापडलेल्या कणांच्या क्षयातून येत असेल असंही मांडलं होतं, ८ ते २० इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचे. म्हणजे मेनस्ट्रीमवाले नवीन शक्यता बघतच नाहीत हा आरोप मला पटत नाही. पण धूमकेतू, मला एकच सांगा, टायर्ड लाइटवाल्यांनी हा उजेड किती असेल याचा आकडा मोजणीच्या आधी दिला होता का? नसेल तर जास्त निघाला म्हणून त्यांचं काय सिद्ध होतं?

धूमकेतू७७: आकड्याचं सोडा, मी दाराबाहेर उभं केलेल्यांबद्दल बोलतोय. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर हे खगोलशास्त्रज्ञ काही ऐरेगैरे नव्हते. १९९३ च्या त्यांच्या क्वासी स्टेडी स्टेटमध्ये (स्टेडी स्टेटची सुधारलेली आवृत्ती) मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीलाही, म्हणजे आकाशात सगळीकडून येणाऱ्या मंद लहरींनाही, उत्तर आहे, अंतराळातल्या लोखंडाच्या सुईसारख्या कणांनी ताऱ्यांचाच उजेड शोषून त्या लहरींत बदलला. प्रश्न विचारायची हिंमत लागते राव.

निरभ्र: हिंमतीबद्दल वादच नाही, नारळीकरांबद्दल आदर माझाही तेवढाच आहे. पण गंमत बघा, नारळीकरांनीच उभारलेल्या पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेतले श्रीआनंद आणि त्यांचे सहकारी, यांनी २००८ मध्ये एका दूरच्या वायूढगात कार्बन मोनॉक्साइडचे रेणू बघून तिथल्या मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीचं तापमान काढलं. रेडशिफ्ट (प्रकाशाच्या लहरी किती ताणल्या गेल्या त्याचं माप) सुमारे २.४, म्हणजे उजेड निघून ११ अब्ज वर्षांच्या आसपास झाली. तापमान आलं ९.१५ केल्विन, बिग बँगप्रमाणे यायला हवं ९.३. आज ते २.७ आहे. विश्व प्रसरण पावत थंड होतंय तर असंच व्हायला हवं, जुन्या स्टेडी स्टेटमध्ये ते तेव्हाही २.७ च असायला हवं होतं. आणि टायर्ड लाइटचं म्हणाल तर लांबचे टाइप वन-ए सुपरनोव्हा, म्हणजे एका ठरावीक प्रकारे फुटणारे तारे, आपल्याला हळू विझताना दिसतात, रेडशिफ्ट १ असेल तर दुप्पट वेळ घेऊन. प्रकाश नुसता दमून येत असता तर त्याचा रंग बदलला असता, घड्याळ का मंदावलं असतं?

धूमकेतू७७: सुपरनोव्हाचा मुद्दा स्टेडी स्टेटला लागूच पडत नाही, त्यातही प्रसरण आहेच, दोघांना एकाच टोपलीत कोंबू नका. आणि ते ३ युनिट शून्य झालेले नाहीत ना, मग ते कुठून येतात?

चिकित्सक_मी: टोपलीचं बरोबर आहे, ते वेगळेच आहेत. पण ३ युनिट आणि त्यात २ ची एरर, हे शून्याच्या किती जवळ आहे ते बघा. अंधुक दीर्घिका असतील, दीर्घिकांमधल्या जागेत भटकणारे तारे असतील. तुम्ही तेवढ्यावर टायर्ड लाइट बसवून दाखवा, पण सोबत सुपरनोव्हाचंही गणित द्या.

धूमकेतू७७: देतो, सवडीने. तोवर तुम्ही ६७ आणि ७३ चं भांडण मिटवा.