मदत हवी आहे: दाट वर्टमध्ये (बिअरच्या न आंबवलेल्या गोड द्रावणात) पाणी मिसळल्यावर कडवटपणा फिका पडतो
माझ्याकडे १० लिटरचेच पातेले असल्याने २ किलो कोरडा माल्ट अर्क (मोड आणलेल्या धान्याचा गोड अर्क) ७ लिटर पाण्यात हॉप्ससह (बिअरला कडवटपणा देणारी फुले) तासभर उकळून, मग उकळून गार केलेले पाणी घालून मी इंग्लंडमधील घरी १८ लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) करतो. नीट ढवळल्यावर विशिष्ट घनता १.०४० भरते, म्हणजे साखरेचे गणित बरोबर आहे. कडवटपणा मात्र दोन्ही खेपांना फिका पडला. दाट वर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो, म्हणून दुसऱ्या खेपेस हॉप्स (ताजेच होते) दीडपट घातले, तरी फरक थोडाच जाणवला. मोठे पातेले शेगडीवर मावत नाही. आता उकळताना वर्ट पातळ राहावे म्हणून अर्धा अर्क शेवटच्या १० मिनिटांत घालणार आहे. तेव्हा हॉप्सचे प्रमाण काढताना घनता उकळत्या वर्टची धरावी की पाणी मिसळलेल्या १८ लिटरची?