साहेबांवर तक्रार झाली तेव्हा लोक काय बोलले?

साहेब, प्राध्यापक, डॉक्टर, संपादक, पुढारी, कुणीही असो, वरच्या माणसाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार झाली की खरंखोटं कळायच्या कितीतरी आधी लोकांचं मत तयार असतं. इथे त्या मतांविषयी लिहायचंय. तुमच्या आसपास असं घडलं तेव्हा कोण काय बोललं? तक्रार करणारी, शेजारच्या टेबलावरचे, चौकशी समितीतले, ज्याच्यावर आरोप झाला त्याच्या घरचे, सगळ्यांनी लिहा. नाव, संस्था, ओळख पटेल अशी खूण मात्र नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं कलम १६ ओळख उघड करायला मनाईच करतं, तक्रारदाराची, आरोप असलेल्याची आणि साक्षीदारांचीही. कोण दोषी याचा निवाडाही इथे नको.

सुरुवात मी करते. माझ्या आधीच्या नोकरीत नवीन मुलगी रुजू झाली की जुन्या बायका तिला दोन गोष्टी सांगायच्या. हजेरी कुठे लावायची आणि सरांच्या केबिनमध्ये गेल्यावर दार लावून घ्यायचं नाही. दुसरी हसत हसत सांगायच्या. पुढे एकीने लेखी तक्रार दिली, तर त्याच बायका म्हणाल्या, "आम्हाला बाई कधी तसा अनुभव नाही." एक तर मला म्हणाली, "दार उघडं ठेव म्हणून सांगितलं होतं ना तिला?" म्हणजे आम्ही सावध केलं होतं, आता तिचं ती बघेल!

*

मला खोटारडी कुणीच म्हटलं नाही. "त्यांची निवृत्ती जवळ आलीय, आता कशाला?" "त्यांच्या मुलीचा तरी विचार कर." माझा विचार करणारी एकच भेटली, तीही जिन्यात, मागेपुढे बघून बोलणारी. चौकशी चालू असताना तक्रारदाराने लेखी मागितलं तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजाही देता येते. मी त्यांना हलवा असं लिहिलं होतं. त्यांच्यावाचून काम अडेल म्हणून मलाच दुसऱ्या मजल्यावर धाडलं. मग सगळ्यांचा हिशेब जुळला: "तिलाच हलवलं, म्हणजे तिचंच काहीतरी असणार." माझा संगणक उचलून नेणाऱ्या शिपायाने विचारलं, "मॅडम, काय झालं? काही चूक झाली का तुमची?" त्याचा राग आला नाही, त्याला दिसलं तेवढ्यावरून तो बोलला. बदलीच्या आदेशामागचं कारण ज्यांना ठाऊक होतं, तेही हेच बोलत होते, त्यांचा आला.

*

आमच्याकडे लगेच समर्थनाचं पत्र फिरलं. सर चारित्र्यसंपन्न आहेत, संस्थेची नाहक बदनामी होतेय, आम्ही सर्व कर्मचारी त्यांच्या पाठीशी आहोत, वगैरे. खाली रकाने आखलेले, अनुक्रमांक, नाव, सही. नावं आधीच टाइप केलेली, म्हणजे सही न करणाऱ्याची जागा रिकामी दिसणार. गंमत म्हणजे यादी पगारपत्रकावरून जशीच्या तशी उचललेली, त्यामुळे तक्रार करणारीचंही नाव त्यात! कागद माझ्याकडे आला तोवर कुणीतरी त्यावर पेनने रेघ मारली होती. मी सही केली नाही. त्यात शौर्य बिर्य काही नाही, माझी नोकरी कायम होती. कंत्राटावरच्या सगळ्या पोरांनी केल्या. त्यांना विचारलं असतं तर काय सांगणार होते बिचारे?

*

घरी सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "अजून कुणाकुणाला सांगितलंस?" एवढंच.

*

मी काही ठिकाणी अंतर्गत समितीवर, म्हणजे संस्थेतच अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते. चौकशीला कायदा ९० दिवस देतो, लोकांना दोन दिवसांत निकाल हवा असतो, आणि तोवर दोन तट पडलेले असतात. व्हरांड्यात तावातावाने बोलणारे जबाबाला बोलावलं की "मी तेव्हा रजेवर होतो" म्हणतात. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई असावी लागते, पण ज्यांच्यावर तक्रार ते तिचेही साहेब असले की प्रश्न विचारायच्या वेळी ती माझ्याकडे बघते.

मला सगळ्यात टोचतं ते निकालानंतरचं बोलणं. "सिद्ध झालं नाही ना? म्हणजे खोटंच होतं." कलम १४ वाचा हो एकदा. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही. तिने दुष्ट हेतूने खोटं सांगितलं हे चौकशी करून ठरावं लागतं. बंद खोलीत दोघंच असताना घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा?

*

माझ्या वडिलांवर आरोप झाला होता. पुढे काय झालं ते लिहीत नाही, निवाडा नको असं वर म्हटलंच आहे. आमच्याकडे धीर द्यायला माणसं यायची. बसली की त्या बाईंचं सुरू: तिचा नवरा, तिचे कपडे, ती आधीच्या ठिकाणी कशी होती. आई आत निघून जायची. इतक्या लोकांतल्या एकानेही बाबांना "नेमकं काय झालं?" असं विचारलं नाही. त्यांच्या बाजूचे होते ना सगळे? मग विचारायला काय हरकत होती? मला वाटतं, उत्तर ऐकायची त्यांची तयारी नव्हती. मी विचारलं. ते आमच्या दोघांत राहू दे.

*

जरा वेगळा सूर लावतो. एका अधिकाऱ्यावर आरोप झाला, बातमीत फक्त आडनाव आणि पद. माझं आडनाव तेच, खातंही तेच. संध्याकाळपर्यंत माझा फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला. "चुकून झालं" म्हणून मोजक्यांनी फोटो काढून टाकला, पुढे पाठवणाऱ्यांना तर मी कोण हेही माहीत नाही. त्या बाईंच्या तक्रारीबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांनी रीतसर लेखी दिली होती. नावाची खात्री न करता शिव्या देणाऱ्यांबद्दल आहे.

*

आमच्या पिढीला रूपन देओल बजाज यांचं प्रकरण आठवत असेल. १९८८ साली एका पार्टीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी गैरवर्तन केलं अशी त्यांची तक्रार. बाई स्वतः आयएएस अधिकारी! तरी उच्च न्यायालयाने प्रकरण क्षुल्लक ठरवून गुन्हाच रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो निर्णय फिरवला, १९९६ मध्ये गिल दोषी ठरले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला. सतरा वर्षं. आमच्या कचेरीत तेव्हा काय चर्चा! "ज्याने दहशतवाद मोडला त्याला असल्या गोष्टीवरून कोर्टात उभं करायचं?" देशसेवेच्या खात्यातून हे वळतं करून घ्यायचं, असा तो हिशेब. मी एकदाच म्हणालो की तिनेही सेवाच केलीय सरकारची. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

*

(धागाकर्ती) "एवढी वर्षं गप्प का होती?" हे जवळपास प्रत्येक अनुभवात येतंय, म्हणून मध्येच. समितीकडे तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर आणखी तीन. पण बोलायला मुदत नाही. संपादक आणि माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी, त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये रमाणींना निर्दोष सोडलं, आणि बाईला आपलं गाऱ्हाणं अनेक दशकांनंतरही मांडायचा हक्क आहे, असं निकालात म्हटलं.

*

मी शिकाऊ होते तेव्हा असंच एक प्रकरण बातम्यांत होतं आणि आमच्या टीममध्ये रोज त्यावर गप्पा. मी सगळ्यांत ज्युनियर, त्यामुळे मी तिथे बसलेय हे कुणाच्या ध्यानात नसायचं. "प्रसिद्धीसाठी" म्हणणारे कोण, "हल्ली बायकांशी बोलायचीच भीती" म्हणणारे कोण, सगळं ऐकत होते. टीम लीडर स्त्री होती, ती म्हणाली, "आमच्या वेळी आम्ही जागच्या जागी कानाखाली काढायचो." पुढे माझ्यावर सांगायची वेळ आली तेव्हा मी तिच्याकडे गेले नाही. हिशेबनीस काकांकडे गेले. त्या गप्पांत ते एकदाच बोलले होते, "लेखी दिलंय ना तिने? मग चौकशी होऊ दे." त्यांनी मला धीर वगैरे काही दिला नाही. "तारखा आठवतायत तेवढ्या लिहून काढ, मेसेज पुसू नकोस," म्हणाले आणि पुन्हा व्हाउचर तपासायला लागले.

*

वर कुणी लिहिलेलं नाही म्हणून. आमचं दुकानवजा ऑफिस, सहा माणसं, आणि तक्रार मालकाविरुद्ध. सगळे एकच म्हणायचे, "मालकच तो, सांगणार कुणाला?" दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे जाता येतं. मला हे माझ्या मैत्रिणीने सांगितलं. पाचही सहकाऱ्यांना मी नंतर ते सांगितलं. त्यातल्या एकीने समितीचा पत्ता मागून घेतला.