ऑलिव्हर की मार्शल? चाळीस वेळा पळाला म्हणजे ऑप्शन चालवता आला असं नाही

मिडटाउनचा मुक्काम (रविवार, २८ ऑक्टोबर २०१८)

अमेरिकन कॉलेज फुटबॉल. गुरुवारी आपल्या जॉर्जिया टेकचा नेहमीचा क्वार्टरबॅक (चाल चालवणारा खेळाडू) मार्शल जखमी होता, म्हणून राखीवातला ऑलिव्हर खेळला. शुक्रवारी वॉर्नर रॉबिन्सकरांनी लिहिलं: "टोबायस ऑलिव्हरने व्हर्जिनिया टेकविरुद्ध ४० वेळा पळून २१५ यार्ड काढले, ३ टचडाउन केले, त्यांच्याच घरात ४९-२८ ने जिंकून दिलं. टाक्वॉन मार्शल बरा झाला तरी त्याला आता बाकावरच बसवा. प्रशिक्षक पॉल जॉन्सनला एवढं कळत नसेल तर त्यानेही घरी बसावं." खाली अंगठ्यांची रांग. एका ओळीत उत्तर देणार होतो, मावेना, म्हणून वेगळा धागा.

आधी समोर कोण होतं ते बघा. त्यांच्या डिफेन्सचा प्रशिक्षक बड फॉस्टर, त्याचं नाव ऐकून घाबरायचे दिवस गेले. यंदाचा त्यांचा डिफेन्स पोरासोरांचा आहे. २२ सप्टेंबरला ओल्ड डोमिनियनकडून ४९-३५ ने हरलेत. म्हणजे ओल्ड डोमिनियननेही ४९ च केले. मग त्यांचाही क्वार्टरबॅक अटलांटाला आणायचा का?

दुसरं, जॉन्सनचा ऑप्शन, म्हणजे चेंडू कोणी न्यायचा हे समोरच्याला बघून आयत्या वेळी ठरवायची पद्धत, पायांवर चालत नाही, डोळ्यांवर चालतो. चेंडू बी-बॅकच्या (मधून पळणाऱ्याच्या) पोटाशी धरलेला असताना नजर हवी ती मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या डिफेन्डरच्या खांद्यावर. खांदा आत वळला तर चेंडू ओढून घ्यायचा, नाही वळला तर सोडून द्यायचा. पुढच्या दोन पावलांत दुसरा माणूस वाचायचा: स्वतः पळू की बाहेरच्या साथीदाराकडे चेंडू फेकू (पिच)? गुरुवारी यातलं किती दिसलं? मला तरी त्या ४० पैकी निम्म्याहून जास्त कॅरी आधीच ठरवून दिलेल्या वाटल्या. पुढे ब्लॉकर, मागे ऑलिव्हर, चल. मजा आली, मीही ओरडलो. पण सलग तीन आठवडे असं चालत नाही. गेल्या डिसेंबरमध्ये नेव्हीच्या माल्कम पेरीने आर्मीविरुद्ध बर्फात २५० यार्ड काढले. निकाल? आर्मी १४, नेव्ही १३.

आणि मार्शलच्या नावावर यंदाचे जे पराभव खपवताय ते सगळे त्याचे नाहीत. साउथ फ्लोरिडाविरुद्ध एकाच माणसाने दोन किकऑफ थेट टचडाउनला नेले, तो क्वार्टरबॅकचा दोष? त्याच सामन्यात कर्व्हाँटे बेन्सनचा गुडघा गेला आणि हजार यार्डांचा बी-बॅक वर्षभरासाठी संपला. मधून पळणाऱ्याचा धाक राहिला नाही की क्वार्टरबॅकवर दोन-दोन जण येतात. यात नवं काही नाही, पण ४९ गुण बघितले की लोक विसरतात.

वॉर्नर रॉबिन्सकर

माझ्यासाठी खास धागा! आभारी आहे.

शीर्षकच तुमच्या अंगावर येतंय, साहेब. गेल्या वर्षी टेनेसीविरुद्ध मार्शल किती वेळा पळाला? ४४. यार्ड २४९, टचडाउन ५. तेव्हा "हा आपला क्वार्टरबॅक" म्हणून नाचणाऱ्यांत तुम्ही पहिले. तेव्हा डोळे कुठे गेले होते? आणि तो सामना आपण ४२-४१ ने हरलो, हे लिहायला विसरलात. ऑलिव्हर ४० वेळा पळाला आणि आपण जिंकलो. मला हा हिशेब सोपा वाटतो.

ड्यूकच्या सामन्यातला तिसरा क्वार्टर आठवतोय? चेंडू पडतोय, ते उचलतायत, टचडाउन. परत पडतोय, परत टचडाउन. मी बायकोला म्हटलं चहा टाक, चहा होईपर्यंत सामना संपला होता.

आणि ऑलिव्हर आमच्या गावचा. नॉर्थसाइडला असताना शुक्रवारी रात्री त्याला खेळताना पाहिलाय. धाकटी बँडमध्ये होती, तिला सोडायला जायचो आणि शेवटपर्यंत थांबायचो. दबाव आला की हा पोरगा हळू होतो, घाईत चेंडू फेकत नाही. हे आकड्यांत दिसत नाही. तिथे बसावं लागतं.

अथेन्सचा बुलडॉग

वॉर्नर रॉबिन्सचा खरा क्वार्टरबॅक आमच्याकडे, जॉर्जिया विद्यापीठात आहे. जेक फ्रॉम. काल जॅक्सनव्हिलला फ्लोरिडाला ३६-१७ धुऊन आलोय, म्हणून गोड बोलतोय. तुमचं चालू द्या.

मिडटाउनचा मुक्काम

दोन आठवड्यांपूर्वी एलएसयूने (लुईझियाना स्टेटने) ३६-१६ ने वाजवलं तेव्हा तुमच्यातलेच अर्धे "फ्रॉम बसवा, राखीवातला फील्ड्स आणा" म्हणत होते. तेव्हा गोडवा कुठे होता?

दादासाहेब ८८

मुलांनो, दोघांचीही स्मरणशक्ती दोन वर्षांची नाही. नोव्हेंबर २०१६, हेच ब्लॅक्सबर्ग, व्हर्जिनिया टेकचं घर. आपला तेव्हाचा क्वार्टरबॅक जस्टिन थॉमस जखमी, राखीवातला मॅथ्यू जॉर्डन उतरला आणि ३०-२० ने जिंकला. पुढच्या आठवड्यात थॉमस परत आपल्या जागेवर. कोणी धागे काढले नाहीत.

पुढची गंमत ऐका. २०१७ मध्ये जागा जॉर्डनचीच होती. वसंतातल्या सरावात पाय दुखावला आणि ए-बॅक (कडेने पळणारा) म्हणून खेळणारा मार्शल पुढे सरकला. म्हणजे मिडटाउन, तुझ्या मार्शललाही खुर्ची दुसऱ्याच्या दुखापतीतूनच मिळाली. आता "दुखापतीने जागा जाऊ नये" हे तत्त्व नेमकं कधीपासून लागू करायचं?

मिडटाउनचा मुक्काम

काका, दुखापतीने जागा जाऊ नये असं मी कुठे लिहिलंय? ऑलिव्हर अजून ऑप्शन वाचत नाही, एवढंच म्हणतोय. रेडशर्ट फ्रेशमन (पहिलं वर्ष न खेळता काढलेला नवखा) आहे, शिकेल.

शुभदा, कमिंग

मी सहसा इथे लिहीत नाही. पण "पुढे ब्लॉकर, मागे ऑलिव्हर" वाचलं आणि राहवलं नाही. ते ब्लॉकर काय करतात ते पण लिहा ना.

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात डिफेन्सिव्ह टॅकल. मागच्या वर्षी समोर असाच ऑप्शनवाला संघ. स्नॅप झाला (चेंडू खेळात आला) आणि समोरचा गार्ड उठलाच नाही, सरळ गुडघ्यात शिरला. फ्लॅग (फाउलची खूण) नाही, लाइनजवळ ते नियमात बसतं म्हणे. लिगामेंट फाटलं. पाडव्याला त्याला पाटावर बसता येईना, खुर्चीत बसवून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला आणि ओवाळलं. तुम्ही लोक या ऑफेन्सला "बुद्धीचा खेळ" म्हणता तेव्हा मला तो पाय दिसतो.

मिडटाउनचा मुक्काम

ताई, वाईट वाटलं, मनापासून. पण कट आणि चॉप यांत फरक आहे. एकाने वरून धरायचं आणि दुसऱ्याने खालून मारायचं ते चॉप, त्यावर बंदी आहे. एकट्याने समोरून कमरेखाली ब्लॉक करणं कायदेशीर आहे. आणि याच मोसमापासून कॉलेजचा नियम आणखी कडक झालाय. लाइनच्या पाच यार्डांपुढे ऑफेन्सला कमरेखाली ब्लॉक करताच येत नाही.

शुभदा, कमिंग

कायदेशीर आहे हे मला सांगू नका. ते मला रेफरीने त्याच रात्री सांगितलं होतं.

डिकेटरचा दांडपट्टा

मग टेनिस खेळवा. फुटबॉलमध्ये लागतं. पाससाठी मागे सरकणाऱ्या क्वार्टरबॅकला आंधळ्या बाजूने हाणतात ते चालतं का तुम्हाला? तिथे कोणाची आई लिहायला येत नाही.

शुभदा, कमिंग

तुमची मुलं काय खेळतात?

डिकेटरचा दांडपट्टा

मला मुलं नाहीत. त्याचा काय संबंध?

शुभदा, कमिंग

बरं.

वॉर्नर रॉबिन्सकर

दांडपट्टा, भाषा सांभाळ. ताईंशी बोलतोयस.

अथेन्सचा बुलडॉग

मला हे म्हणायला जड जातंय, पण ताईंचं बरोबर आहे. आमचे लाइनमन दर नोव्हेंबरमध्ये तुमच्या टेकविरुद्धच्या आठवड्यात गुडघे वाचवायचा वेगळा सराव करतात. वर्षात दुसऱ्या कुठल्या संघासाठी करतात का? नाही.

मिडटाउनचा मुक्काम

म्हणजे तुम्हाला वर्षात एकदा हात खाली ठेवून खेळायला शिकावं लागतं आणि ते अन्याय. हायस्कूलमधून तीनशे पौंडांचे पाच-पाच राक्षस तुम्ही निवडून नेता, आम्हाला कॅल्क्युलस पास होणारेच घ्यावे लागतात. मग आमचा हलका गार्ड त्या राक्षसाला उभ्याने ढकलणार कसा? कट ब्लॉक हे लहान माणसाचं हत्यार आहे. ते काढून घ्या आणि मग दर वर्षी त्याच पाच संघांना ट्रॉफी वाटा.

शुभदा, कमिंग

माझा मुलगा पण लहानच होता हो. पंधरा वर्षांचा.

दादासाहेब ८८

मिडटाउन, इथे थांब.

डिकेटरचा दांडपट्टा

ताई, टेनिसचं मागे घेतो. आंधळ्या बाजूचं घेत नाही.

लिंकनचा जुना

आता जरा मूळ विषय. नव्वदच्या दशकात मी नेब्रास्काला पीएचडी करत होतो, त्यामुळे दोन क्वार्टरबॅकांचा वाद मला कोणी शिकवू नये. १९९४ मध्ये तिथला पहिला क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझर, त्याच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. ब्रुक बेरिंजर आला. तो पास चांगला टाकायचा, पळायला फ्रेझरइतका नव्हता. लागोपाठ जिंकत गेला. आमच्या लॅबमध्ये दोन तट पडले. माझ्या गाइडने बेरिंजरचं नाव काढलं की दुसरा प्रोफेसर उठून जायचा.

१ जानेवारी १९९५, ऑरेंज बोल (बोल म्हणजे मोसमानंतरचा मानाचा सामना), मायॅमी समोर. प्रशिक्षक टॉम ऑसबोर्नने सुरुवात फ्रेझरकडून केली, मग बेरिंजर, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पिछाडीवर असताना परत फ्रेझर. सामना कोणी जिंकला? दोघांनीही नाही. कोरी श्लेझिंजर नावाच्या फुलबॅकने. मधून दोन वेळा पळाला, दोन टचडाउन, २४-१७. मायॅमीचे लोक फ्रेझरच्या पायांकडे बघत राहिले आणि मधलं दार उघडं राहिलं. ऑप्शन म्हणजे हे.

एप्रिल १९९६ मध्ये, ड्राफ्टच्या (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीच्या) दोन दिवस आधी, बेरिंजर विमान अपघातात गेला. त्यानंतर लॅबमध्ये तो वाद कोणी काढला नाही.

वॉर्नर रॉबिन्सकर

लिंकनकाका, तुम्ही माझंच म्हणणं सांगितलंत. पळणाऱ्याची भीती होती म्हणून मधलं दार उघडलं. ऑलिव्हरची भीती बसली की आपल्या आताच्या बी-बॅकला, जॉर्डन मेसनला, मधे वाट मिळणार.

मिडटाउनचा मुक्काम

त्यांनी माझं म्हणणं सांगितलं. श्लेझिंजरच्या हातात चेंडू कोणीतरी सोडला ना? ४० वेळा स्वतःकडे ठेवला नाही.

अटलांटाची वहिनी

तुमचं चालू द्या, मला एवढंच विचारायचंय की आपल्या लोकांचे दिवाळीचे कार्यक्रम दर वर्षी होम गेमच्याच शनिवारी का असतात? १० नोव्हेंबरला मायॅमी आहे. लक्ष्मीपूजन बुधवारी, भाऊबीज शुक्रवारी, आणि शनिवारी संध्याकाळी मी पैठणी नेसून उपनगरातल्या हॉलमध्ये पोह्यांच्या रांगेत. नवरा बाथरूममध्ये जाऊन स्कोअर बघतो. तारीख ठरवणाऱ्यांपैकी एकाने तरी वेळापत्रक उघडून बघावं, मोसमाच्या कितीतरी आधी छापलेलं असतं.

डिकेटरचा दांडपट्टा

वहिनी, हा प्रश्न क्वार्टरबॅकपेक्षा महत्त्वाचा आहे. १००% सहमत. गेल्या वर्षी नाटकाच्या मध्यंतरात मला कोणीतरी निकाल सांगून टाकला. त्याच्याशी अजून बोलत नाही.

वॉर्नर रॉबिन्सकर

मिडटाउन, तो नवा नियम तुम्हीच सांगितलात ना? पाच यार्डांपुढे कट बंद. मग ए-बॅक पुढे पळत जाऊन सेफ्टीला (सगळ्यात मागच्या डिफेन्डरला) आडवा कसा पाडणार? उभ्याने अडवायला तो लहान पडतो. म्हणजे बाहेरच्या पिचची किंमत यंदा कमी झाली आणि आतून घुसणाऱ्या क्वार्टरबॅकची वाढली. चाळीस कॅरी जॉन्सनने हौस म्हणून दिल्या नाहीत. म्हातारा नियम वाचून खेळतोय.

मिडटाउनचा मुक्काम

...हा मुद्दा बरा आहे. तुमचा स्वतःचा आहे की कुठे वाचलात?

वॉर्नर रॉबिन्सकर

रविवारची सकाळ आहे, मोकळा होतो, विचार केला. तुम्हीही करून बघा.

मिडटाउनचा मुक्काम

ठीक. शनिवारी चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध, ऑलिव्हरला दर तिसरी सिरीज (चेंडू आपल्याकडे असतानाची खेळी) द्या. गोल लाइनवरही द्या, घ्या, खूश व्हा. पण आपण ४-४ आहोत, बोलसाठी अजून दोन विजय हवेत आणि समोर मायॅमी, व्हर्जिनिया, जॉर्जिया. कधीतरी तिसरा डाउन (चारांपैकी तिसरा प्रयत्न) आणि आठ यार्ड बाकी, असं येणारच. तेव्हा ब्लॅक्सबर्गला ज्याने पास जवळजवळ टाकलाच नाही तो काय करणार?

वॉर्नर रॉबिन्सकर

आठ यार्ड पळेल. आणि मार्शलचे पास गेल्या वर्षी चाळीस टक्केही पोचत नव्हते, त्यामुळे "पास टाकणारा" हा शब्द जपून वापरा.

अथेन्सचा बुलडॉग

दोघांपैकी कोणालाही आणा. २४ नोव्हेंबरला अथेन्सला या, जेवण आमच्याकडे.

दादासाहेब ८८

येतो की. २०१४ ला आलो होतो, ३०-२४. २०१६ ला आलो होतो, २८-२७. दोन्ही वेळा तुमच्याच घरी जेवून, जिंकून परत गेलो.

मिडटाउनचा मुक्काम

काका, त्या दोन्ही वेळा क्वार्टरबॅक जस्टिन थॉमस होता. वाचणाराही आणि टाकणाराही. मी हेच तर म्हणतोय.

वॉर्नर रॉबिन्सकर

आणि थॉमसच्या आधी, २०१३ मध्ये, कोण होतं? व्हॅड ली. हात चांगला म्हणून त्याला ठेवला, चपळ थॉमस मागे बसला. ७-६. पुढच्या वर्षी ली जेम्स मॅडिसनला गेला, थॉमस आला आणि आपण मिसिसिपी स्टेटला हरवून ऑरेंज बोल घेतला. थॉमस पास टाकायला शिकला तो मैदानात उतरवल्यावर, बाकावर बसून नाही.

मिडटाउनचा मुक्काम

ली आणि मार्शल यांची तुलना होऊच शकत नाही. सविस्तर लिहितो, जेवून येतो.