‘एम’ अक्षराचे जाड तांब्याचे नाणे पोर्तुगीज अमदानीतले आहे का?

प्रश्न (फोंडा)

माझे थोरले काका जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत जपून ठेवलेले एक नाणे गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन 18 ग्रॅम भरले. रुंदी साडेतीन सेंटिमीटर आहे. एका बाजूला समोर पाहणारा, शिरस्त्राण घातलेला पुरुष असून त्याच्या हातात क्रूस लावलेला गोल आहे. दुसऱ्या बाजूला मधोमध भले मोठे ‘एम’, त्याच्या डोक्यावर छोटा क्रूस, खाली उलटा ‘एल’ वाटावा असे अक्षर आणि तळाशी ‘सी-ओ-एन’. डावीकडे वरून खाली ‘ए-एन-एन-ओ’ आणि उजवीकडे दोन फुल्यांखाली दोन उभ्या रेघा आहेत. क्रूस पाहून घरात सगळ्यांनी ते पोर्तुगीज ठरवले आणि 1510 साली गोवा घेतला तेव्हाचा राजा मानुएल याचे ते ‘एम’ असावे, असे मलाही वाटते. हे बरोबर आहे का? आई समईबरोबर ते चिंचेने घासायला बसली होती. एक कड घासून झाल्यावर मी अडवले.

उत्तर (मडगाव)

तुमचे वर्णन इतके नेमके आहे की फोटोची गरज भासली नाही. हे नाणे मानुएलच्या जवळजवळ हजार वर्षे आधीचे, बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट जस्टिनियन पहिला याचे ‘फॉलिस’, म्हणजे तांब्याचे मोठे नाणे आहे. ‘एम’ हे नावाचे आद्याक्षर नाही, तो आकडा आहे. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत आणि त्यात ‘एम’ची किंमत 40. त्याआधी बाजारात ‘नुम्मुस’ नावाची एक ग्रॅमच्या आसपासची, बोटांत धरवत नाहीत अशी चिमुकली नाणी चालत आणि भाजी घ्यायची तरी ती मूठभर मोजावी लागत. 498 साली सम्राट अनास्तासियसने चाळीस नुम्मुसांचे एक मोठे नाणे काढले व त्यावर किंमत ठळक अक्षराने कोरली. त्याच्या अर्ध्या नाण्यावर ‘के’, म्हणजे 20, दहाच्या नाण्यावर ‘आय’ आणि पुढे पाचाच्या नाण्यावर ‘ई’ आले. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही एवढे एक अक्षर ओळखता येत असे. मला त्या सुधारणेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

‘सी-ओ-एन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची टांकसाळ आणि उलटा ‘एल’ म्हणजे ग्रीक ‘गॅमा’, अर्थात त्या टांकसाळीचा तिसरा कारखाना. ‘आन्नो’ म्हणजे ‘वर्षी’. सम्राटाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते नाण्यावर घालण्याची आणि सम्राटाचा चेहरा समोरून दाखवण्याची रीत जस्टिनियनने 538-39 साली, आपल्या कारकिर्दीच्या बाराव्या वर्षी सुरू केली. दोन फुल्या म्हणजे रोमन आकड्यांत वीस आणि दोन रेघा म्हणजे दोन, अर्थात बाविसावे वर्ष. तो 527 साली गादीवर आला, तेव्हा तुमचे नाणे 548-49 सालचे ठरते. बाराव्या वर्षीची नाणी वीस ग्रॅमच्या वर भरत, नंतर वजन उतरत गेले; तुमचे 18 ग्रॅम त्याला धरूनच आहेत. मानुएलच्या काळच्या गोव्यातल्या नाण्यांवर त्याचे राजचिन्ह, म्हणजे खगोलाचा कड्याकड्यांचा गोल, असतो. तो इथे नाही.

उत्तर (डिचोली)

ओळख वर पटली आहेच, म्हणून मी जपणुकीबद्दल लिहितो. चिंच, सोलां, लिंबू यांपैकी काहीही या नाण्याला पुन्हा लावू नका. समईवरचा कळंक काढणे योग्य आहे, कारण समई रोज वापरायची असते. पण नाण्यावरचा तपकिरी-हिरवा थर दीड हजार वर्षांत बसलेला असतो, अक्षरांच्या बारीक कडा त्यातच टिकून असतात आणि आम्ल लागले की तो अक्षरांसकट जातो. घासलेली कड आता लाल दिसत असेल, ती तशीच राहू द्या. तिथे फिकट हिरवी, नखाने भुकटी होऊन निघणारी टिंबे दिसतात का, ते मात्र जरूर पाहा.

प्रश्न (फोंडा)

कड लालच आहे. पण छोट्या क्रुसाजवळ मोहरीएवढे फिकट हिरवे टिंब आहे आणि टाचणीने टोकरले तर पीठ निघते.

उत्तर (डिचोली)

तेच मला विचारायचे होते. धातूत मुरलेल्या क्लोराईडला दमट हवा लागली की आम्ल तयार होते, ते तांबे खाते आणि हे चक्र थांबत नाही. आपल्याकडचा पाऊसकाळ त्याला फारच मानवतो. टाचणीने ती भुकटी भिंगाखाली हलकेच काढा, नाणे काही आठवडे ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. नंतर पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. पीव्हीसीची मऊ पाकिटे नकोत. आणि काकांचे जहाज कोणकोणत्या बंदरांना लागत असे, हे घरातल्या मोठ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा व ती चिठ्ठी त्याच डबीत घाला.