गळा दैवी असला तरी तालीम हवीच

'गळा उपजतच लागतो, रियाज म्हणजे नुसती वरची झिलई' हे मत मला अजिबात पटत नाही. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर आठवा. जन्म १८९२ चा, गोव्यातल्या केरी गावचा. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, पुढे रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिक्षण. आवाज दमदार होताच. तरी १९२१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या आणि वर्षानुवर्षं त्यांची कडक तालीम घेत राहिल्या. खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीतले अनवट, म्हणजे क्वचितच गायले जाणारे राग, लयीशी खेळणाऱ्या पेचदार ताना, लांबलचक दमसास... यातलं जन्मतः काय मिळतं? फार तर आवाजाची जात. बाकी सगळं पलटे (सरावाच्या स्वररचना) घोटून, गुरूसमोर चुकून, पुन्हा म्हणून गळ्यावर चढवावं लागतं. नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेतून १९७७ मध्ये अवकाशात गेलेली केसरबाईंची भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. एकदा लक्ष देऊन ऐकाच.

आणि म्हणूनच, टीव्हीवर टाळ्या मिळाल्या की दहा-बारा वर्षांच्या गुणी मुलांना लगेच कार्यक्रमांना जुंपतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. शिकायची वर्षं त्यातच निघून जातात.