छत घोटणे, लिंपणे की लांबी भरणे?

प्रश्न : छताचा दाणेदार, टोकं टोकं आलेला पृष्ठभाग पातळ थर देऊन गुळगुळीत करतात, त्या 'स्किम कोट'ला मराठीत काय म्हणावं? 'लांबी भरणे' चालेल का?

उत्तर : ओढूनताणून. लांबी म्हणजे मुळात खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेला गोळा. खिडकीच्या काचेच्या कडेला किंवा लाकडाच्या भेगेत तो 'भरतात'. रंगारी भिंतीच्या पुट्टीलाही लांबी म्हणतात, पण सबंध छतावर ओढलेल्या थराला 'भरणे' शोभत नाही. 'नीरू' जास्त जवळचा. विरलेली चुनकळी चाळून तिचा पातळ हात, म्हणजे थर, देतात तो नीरू. मात्र तो खालचा गिलावा ओलसर असतानाच लावायचा. रंगवलेल्या जुन्या छताला चिकटणार नाही. म्हणून मी 'जिप्समचा पातळ गिलावा, दोन हात' असं लिहीन. दोन्ही हात मिळून जाडी 2 ते 3 मिलिमीटर.

दुसरं मत : 'हात' शब्द इथे फार उपयोगी आहे, कारण दोन हातांची कामं वेगळी. पहिला दाण्यांमधले खळगे बुजवतो, दुसरा सपाटी आणतो. दाणे 3 मिलिमीटरहून उंच असतील तर आधी खरवडा, नाहीतर टोकं वर डोकावतात. जुना लेप 1980 च्या दशकातला किंवा त्याआधीचा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. तपासणी होईपर्यंत कोरडा खरवडायचा नाही, घासायचाही नाही.

शंका : मग 'घोटाई' कशाला म्हणायचं? तिसऱ्या हाताला?

उत्तर : नाही, घोटाई हा थर नव्हे, क्रिया आहे. अक्षर घोटतात, पाठ घोटतात, तसाच गिलावा. नवा माल न घेता गुरमाळा (गिलावा सपाट करायची चपटी थापी) पुन्हा पुन्हा दाबून फिरवायचा. वेळ बोटाने ओळखावी : दाबल्यावर ठसा उमटतो, पण बोटाला काही लागत नाही, तेव्हा सुरुवात. गुरमाळ्याची पुढची कड किंचित उचललेली ठेवायची, सपाट टेकवली तर तो चिकटून माल ओढून आणतो. लवकर घोटलं तर लाटा उठतात. उशीर झाला की पाणी शिंपडून कितीही घासा, काळपट ओरखडेच पडतात.

शंका : थर वाळल्यावर 'बद वाजतो', म्हणजे नेमकं काय?

उत्तर : बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, म्हणजे थराने खालचा पृष्ठभाग सोडलाय. पुढे तिथेच फुगा येतो, मग पोपडा. बहुतेकदा खाली तेलकट किंवा चकचकीत रंग, धूळ, नाहीतर जुनी चुन्याची सफेदी राहिलेली असते. ओल्या फडक्याला पांढरं लागलं तर ती सफेदी, धुऊनच काढायची. चकचकीत रंगावर बारीक वाळूचा प्रायमर लावून वाळू द्यावा.

पुरवणी : माल 'कालवणे' आणि 'मळणे' यांतही फरक ठेवा. लांबी मळतात, जिप्सम कालवतात : बादलीत आधी पाणी, मग त्यात पावडर. उलट केलं तर तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात. बादलीला जुना घट्ट झालेला माल चिकटलेला असेल तर नवाही लवकर 'धरतो', म्हणजे घट्ट होऊ लागतो. धरू लागलेल्या मालात पाणी घालून पुन्हा सैल करू नये, तो वाळल्यावर भुसभुशीत होतो.