चामखिळीवर नवीन अँटिव्हायरल जेलची ट्रायल, जाऊ का?

राजेहो, अंगठ्याजवळ एक चामखीळ होती, आता सहा झाल्या, गाडीची रेस पिळली की घासते न रक्त येते. सॅलिसिलिक अ‍ॅसिड चार महिने लावलं, नायट्रोजननं दोनदा जाळलं, पुन्हा हजर. आता स्किनवाल्या डॉक्टर म्हणून राहिल्या नवीन जेलच्या टेस्टिंगमधी ये, 12 आठवडे, फुकट. पण अर्ध्यांना नुसतंच बिनऔषधाचं जेल म्हणे. हे काय बे?

मानेवाड्याची ताई: अरे ते प्लासिबो, फसवणूक नाही. बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआपच जातात, मग औषधानं गेली का तशीच गेली हे कळणार कसं? आमच्या पोट्ट्याची तर काहीच न लावता गेली, आणि सासूबाई सांगत फिरतात चुन्यानं गेली.

बर्डीवाला: असायक्लोव्हिर नाही का चालत? नागिणीला तेच देतात ना

मानेवाड्याची ताई: नाही. नागिणीच्या विषाणूचं स्वतःचं एन्झाईम असते, ते औषध त्याच्यावरच चालते. चामखिळीचा विषाणू, एचपीव्ही, आपल्याच पेशीची यंत्रणा वापरते, म्हणून तर अवघड आहे.

फार्मावाला: सही करायच्या आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलींच्या सरकारी नोंदणीचा, नंबर माग, साइटवर टाकून पाह्य. संमतीपत्र मराठीत घे, घरी आणून वाच. ट्रायलमुळे काही झालं तर उपचार त्यांनीच फुकट करायचे, ट्रायलींच्या 2019 च्या सरकारी नियमात आहे. मधीच सोडताही येते. आणि नखानं खुडू नको बाप्पा, त्यानंच सहा झाल्या असतील!

प्रश्नवाला: खुडतो ना मी 😅 सोमवारी नंबर मागतो